देवीच्या मापाचे दागिने

श्रावण लागला की बंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरून धड चालता येत नाही. दोन्ही कडांना केळीचे खुंट उभे केलेले, शेवंतीचे ढीग, कमळाच्या मिटलेल्या कळ्यांच्या जुड्या आणि या सगळ्यावर केवड्याचा तो डोक्यात जाणारा वास. वरमहालक्ष्मीचा शुक्रवार जवळ आलेला असतो. भांड्यांच्या दुकानांत देवीचे मुखवटे टांगलेले असतात, चांदीचे, चांदीसारख्या दिसणाऱ्या पत्र्याचे, काही रंगवलेले. सगळ्यांचं हसू एकच. मी भाजी घेतो, पिशवी छातीशी धरतो आणि गर्दीतून वाट काढत घरी येतो. केवड्याचा वास शर्टाला लागलेला असतो. शर्ट लगेच धुवायला टाकतो.

माझी बायको वसुधा होती तेव्हा हे दिवस वेगळे होते. आम्ही मूळचे सांगलीचे. इथल्या एका सरकारी कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागलो आणि तिला घेऊन आलो, तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. तळमजल्यावरच्या सरोजम्मांनी पहिल्याच श्रावणात तिला हळदीकुंकवाला बोलावलं. परत आली ती डोळे मोठे करूनच.

"अहो, त्यांनी कलशाला साडी नेसवलीय. चक्क निऱ्या घालून. नारळाला चांदीचा मुखवटा बांधलाय. खरी बाई बसल्यासारखी वाटते." मग म्हणाली, "पण नाकात नथ नाही हो. नुसता खडा. ओकंओकं वाटतं."

पुढच्या वर्षी आमच्याकडे वरमहालक्ष्मी बसली. साडी सरोजम्मांनी नेसवून दिली. नथ वसुधाने करून आणली.

ती केली पांडूअण्णांनी. राजाजीनगरात त्यांचं सोनाराचं छोटं दुकान आहे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं; घरात मराठीच, पण आपल्याला दोनदा ऐकावी लागेल अशी. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "केवढी पाहिजे, अक्का?"

"देवीच्या नाकाएवढी."

"मग देवीला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ती खरंच मुखवटा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. अण्णांनी तो मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ त्या चांदीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. "सरी," ते म्हणाले; कानडीत म्हणजे ठीक आहे. "स्वल्प वेळ लागेल. लहान काम आहे ना."

नथीमागून ठुशी आली. मग मोहनमाळ, मग दंडावरची वाकी, मग कमरपट्टा. काही वर्षं मध्ये रिकामी जायची आणि पुन्हा एखाद्या आषाढात ती म्हणायची, "राजाजीनगरला जाऊन येऊ." तिचे स्वतःचे दागिने त्यात एकेक करून गेले. पाटल्या गेल्या, कानातले गेले. मी कुरकुर केली तर म्हणायची, "माझ्या हातात ते भांडी घासताना झिजतात. तिच्या अंगावर एकच दिवस असतात, पण त्या दिवशी अख्खी बिल्डिंग बघायला येते."

त्या दागिन्यांचं मला नेहमी नवल वाटायचं. ठुशी इतकी लहान की तान्ह्या मुलाच्या गळ्यातही अडकली असती. कमरपट्टा म्हणावा तर कुणाच्या कमरेचा नाही, मनगटाचा नाही, पायाचाही नाही. माणसाच्या अंगावर कुठेच न बसणारं सोनं. आईचा दागिना मुलीला होतो, सासूचा सुनेला. हे ज्या शरीरासाठी केलेले होते ते शुक्रवारी सकाळी तांब्या, नारळ आणि साडी मिळून तयार व्हायचं आणि शनिवारी सकाळी उतरवलं जायचं. तांदूळ डब्यात परत जायचे, नारळ खिरीत पडायचा. दागिने तेवढे लाल मखमलीच्या पेटीत वर्षभर कुणाची तरी वाट बघत पडून राहायचे.

एकदा मी तिला विचारलं होतं, "एवढं करतेस, मागतेस काय तिच्याकडे?"

ती कमरपट्ट्याची फिरकी बसवत होती. वर न बघता म्हणाली, "काही नाही. मला तिला नटवायला आवडतं. मागायला लागलं की दागिन्यात लक्ष राहत नाही."

माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण हे उत्तर मला आवडलं होतं. मनात कुठेतरी असंही वाटलं होतं की ही काही मागत नाही, तर हिच्या वाट्याला काही वाईट येणार नाही. असं कशावरून वाटलं, कोण जाणे.

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात तिच्या हातून कपडे वाळत घालायचे चिमटे सुटायला लागले. आम्ही हसलो. मग कुलपात किल्ली फिरेना. मग एक दिवस ती स्वयंपाकघरात उभी होती, हातात लसणाची पाकळी, आणि मला म्हणाली, "जरा इकडे या. मला हे सोलता येत नाहीये." आवाज अगदी साधा होता. मी पाकळी सोलून दिली. तिने दुसरी पुढे केली.

तपासण्या झाल्या. सुया टोचून स्नायूंतली वीज मोजली. डॉक्टर तरुण मुलगी होती, हिंदीत हळूहळू बोलली. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातलं बोलणं बंद पडत चाललं आहे, हातांपासून सुरू झालंय, पुढे पाय, जीभ, श्वास. औषधाने वेग थोडा कमी होईल. थांबणार नाही. वसुधाने विचारलं, "श्रावणापर्यंत हात कितपत राहतील?" डॉक्टरला श्रावण कधी येतो ते माहीत नव्हतं. मी महिना सांगितला. डॉक्टर आमच्याकडे न बघता समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायला लागली.

घरी आल्यावर पुष्कळ दिवस ती त्याबद्दल बोलली नाही. आषाढातल्या एका रविवारी मात्र पेटी घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसली. "राजाजीनगरला जाऊन येऊ."

अण्णांनी पेटी पाहिली आणि त्यांना वाटलं, नवा दागिना करायचाय. वसुधाने एकेक दागिना काढून काचेवर मांडायला सांगितला. मी मांडले.

"अण्णा, यांच्या फिरक्या काढा. कड्या, आकडे मोठे करा. माझ्या बोटांना लावता येतील असे."

"वय होतं, अक्का," अण्णा म्हणाले. "माझी बोटं पण सकाळी वळत नाहीत."

"वय नाही," ती म्हणाली आणि तिने त्यांना आजाराचं नाव सांगितलं. ते त्यांना कळलं नाही. मग तिने आपला उजवा हात काचेवर ठेवला आणि म्हणाली, "मिटून दाखवते." अंगठा आणि करंगळी तशीच राहिली, मधली बोटं थोडी वाकली. अण्णांनी तो हात पाहिला. मग त्यांनी दागिने पेटीत घातले आणि पेटी आपल्याकडे ओढून घेतली.

"शुक्रवारी तुम्हीच घालायचं, अक्का," ते म्हणाले. "मी करून देतो."

त्या पावसाळ्याचं मला आता जे आठवतं ते असं: बाहेर बंगळुरूचा तो ना धड पडणारा ना थांबणारा पाऊस, जेवणाच्या टेबलावर एक सोललेला नारळ, आणि त्याच्यासमोर बसलेली वसुधा. अण्णांनी मोठ्या कड्या लावून दिल्या होत्या. ती नारळाभोवती ठुशी धरायची आणि मागे कडीत आकडा अडकवायचा प्रयत्न करायची. पहिल्या दिवशी जमलं. तिने मला हाक मारून दाखवलं. त्या दिवशी आम्ही होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, मागवून खाल्ली. पुढच्या आठवड्यात जमेना. आकडा तोच, कडी तीच. बोट तिथपर्यंत पोचायचं आणि कुणीतरी दिवा मालवावा तसं मध्येच गळून पडायचं.

आम्ही पुन्हा राजाजीनगरला गेलो. अण्णांनी कड्या काढून रेशमी दोऱ्याचे फास करून दिले, नुसते ओढले की बसतील असे. ते हातात येईपर्यंत ओढण्याची ताकद गेली होती. मी आयुष्यभर यंत्रांचे भाग एकमेकांना जुळवत आलो. एक भाग झिजला की दुसरा त्याला साजेसा करून घेता येतो, हे माझं शिक्षण. त्यामुळे अण्णांच्या दुकानातल्या त्या फेऱ्यांवर माझा नको इतका भरवसा बसला होता. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता जमलं. पण आम्ही जे माप घेऊन जायचो ते दागिना तयार होईपर्यंत जुनं झालेलं असायचं.

आमची मुलगी केतकी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला राहायची, अजूनही तिथेच आहे. ऑफिसच्या कामातून सुटून रिंगरोडच्या ट्रॅफिकमधून रविवारी यायची. एकदा ती आली तेव्हा वसुधा नारळाशी झटत होती. केतकीने थोडा वेळ पाहिलं आणि तिला राहवेना.

"आई, मी घालते ना. कशाला एवढा त्रास करून घेतेस?"

"तू घालशीलच," वसुधा म्हणाली. तिचा आवाज तोवर थोडा जड व्हायला लागला होता. "पुढे सगळं तुलाच करायचंय. यंदा मला करू दे."

"मला नाही करायचं पुढे."

"बरं."

"बरं काय, आई? मला नाही हे आवडत. मला देवी नकोय. मला तू हवीयेस."

वसुधाने नारळ बाजूला सारला. "ये इथे," ती म्हणाली. केतकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वसुधाला तिच्या केसांतून हात फिरवायचा होता. हात केसांवर पडला आणि तिथेच राहिला. मी उठून चहा ठेवला.

शेवटी अण्णांनी सगळेच दागिने मागून उघडे केले. ठुशी, वाकी, कमरपट्टा, सगळे अर्धवट बांगडीसारखे, नुसते समोरून ढकलायचे. नथ चापाची केली. मोहनमाळ लांब केली, वरून घालता यावी म्हणून. पेटी परत देताना ते म्हणाले, "याच्यापुढे काय करू ते मला सुचत नाही, अक्का." वसुधा म्हणाली, "पुष्कळ केलंत."

शुक्रवारी सकाळी सरोजम्मा लवकर वर आल्या. त्यांनी कलश मांडला, मोरपंखी साडी नेसवली, मुखवटा बांधला. सगळं त्या गप्प राहून करत होत्या, एरवी त्यांचं तोंड थांबत नसे. आम्ही वसुधाला खुर्चीसकट चौरंगाजवळ नेलं. केतकीने एका ताटात दागिने मांडून ताट तिच्या मांडीवर ठेवलं. आम्ही तिघंही मागे सरकलो.

तिने ठुशी बोटांनी उचललीच नाही. दोन्ही मनगटांच्या मध्ये धरली. पुढे वाकली, थांबली, श्वास घेतला आणि मनगटांनीच ती देवीच्या गळ्याशी ढकलली. ठुशी तिरकी बसली. तिने पुन्हा ढकलली. सरळ झाली. सरोजम्मांनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, झालं, आता सगळं होईल.

मग तिने मोहनमाळ घेतली. ती वरून घालायची होती, त्यासाठी हात खांद्याच्या वर जायला हवे होते. ते छातीपर्यंत आले. तिने पुन्हा प्रयत्न केला. माळ मनगटावरून घसरून ताटात पडली. तिने ती पुन्हा धरली. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणीच हलत नव्हतं. पूजेची वेळ टळत चालली होती, पण कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले.

"राहू दे," ती म्हणाली. "तिला यंदा एवढंच."

केतकी पुढे झाली, ताटातली नथ उचलली.

"नको," वसुधा म्हणाली.

"आई, नुसती नथ तरी."

"नको."

म्हणून त्या वर्षी आमची लक्ष्मी एका ठुशीवर बसली. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका आल्या. दरवर्षी त्या आमच्या देवीचे मराठी दागिने बघायला यायच्या, मोबाइलमध्ये फोटो काढायच्या. एकीने विचारलं, "यंदा इतकं साधं?" सरोजम्मा कानडीत म्हणाल्या, "यंदा असंच आहे." पुढे कुणी विचारलं नाही. कुंकू केतकीने लावलं, विड्याचं ताटही तिनेच दिलं. वसुधा खुर्चीत बसून प्रत्येकीकडे बघून हसत होती. हसणं तोवर शाबूत होतं.

शनिवारी सकाळी मी ठुशी काढून पेटीत ठेवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तेवढं तरी जमेल."

एवढ्या सगळ्या आजारात तिने केलेली ही एकच तक्रार. ती कुणाकडे केली ते मला कळलं नाही. मी तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिच्याकडे मी कधी काही मागितलं नव्हतं हो. हे मागितलं."

मी पेटीचं झाकण लावलं.

त्याच दिवसांत तिने मला आणखी एक सांगून ठेवलं. "मी गेले की हे मोडून टाका. पेटीत ठेवू नका. दागिना अंगावर असला तर दागिना." मी हो म्हणालो. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं, कारण तिला जाऊ द्यायचं असं आमच्यापैकी कुणीच ठरवलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत तिचं बोलणं गेलं. मग आम्ही नजरेने बोलायला लागलो. मी विचारायचो आणि ती पापणी मिटून हो म्हणायची. थंडीत एका सकाळी ती सारखी देवघराकडे बघत होती. मी विचारलं, दिवा लावू? नाही. पेटी आणू? नाही. सरोजम्मांना बोलावू? नाही. देवी हवी का, मुखवटा काढू? नाही. मी एकेक गोष्ट विचारत गेलो आणि ती तिकडेच बघत राहिली. शेवटी काही सुचेना म्हणून मी देवघराच्या दाराला हात लावला. "हे लावून घेऊ?"

तिने पापण्या मिटल्या.

मी दार लावून घेतलं. तिने मान वळवली आणि खिडकीकडे बघायला लागली. रागावली होती, की कंटाळली होती, की देवघरातल्या बल्बचा उजेड नुसता डोळ्यांवर येत होता, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पापणीने का होईना, सांगितलं असतं. थंडी संपायच्या आत ती गेली.

पहिला श्रावण आला तेव्हा मी पेटी काढली नाही. दुसऱ्या वर्षी काढली आणि परत ठेवली. या वर्षी केतकी स्वतःहून म्हणाली, "बाबा, ते दागिने. आईने सांगितलं होतं ना." दुसऱ्या श्रावणानंतर पेटी तिच्या बँकेतल्या लॉकरमध्ये होती. आपलं काही काढायला गेली की ती पेटी हाताला लागायची, असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ गाडीतच बसून राहावं लागायचं.

मी मध्ये एका देवळात विचारून पाहिलं होतं. पुजारी भला होता. म्हणाला, घेऊ, पण आमच्या देवीला हे बसणार नाहीत. सरोजम्मांना देऊन पाहिले. त्यांनी हात मागे घेतले. आता त्यांचे गुडघे गेलेत, त्याही देवी लहानशीच बसवतात. म्हणाल्या, "ही तुमच्या वसुधाची लक्ष्मी. माझ्या लक्ष्मीला कशी घालू?"

म्हणून मागच्या रविवारी आम्ही दोघं राजाजीनगरला गेलो. अण्णा थकलेत, पण अजून बसतात. पेटी उघडल्यावर त्यांनी ठुशीच्या मागच्या उघड्या टोकावरून बोट फिरवलं. मला वाटलं, ते नको म्हणतील. मला बहुतेक तसं हवंही होतं.

"मोडायचं?" त्यांनी विचारलं.

"ती सांगून गेलीय."

"सरी," ते म्हणाले.

त्यांनी नथीचे मोती काढून कागदाच्या पुडीत बांधून दिले. मोहनमाळेच्या मण्यांतली लाख जाळली. तिचा धूर बराच वेळ दुकानात राहिला. मग सगळे दागिने मुशीत टाकले आणि ज्योत लावली. मी आधी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, पण बघितलं. ठुशीचे मणी एकमेकांत विरघळले, वाकी वाकली, कमरपट्टा थोडा वेळ आपल्या आकारात तरंगला आणि मग तोही बसला. फार वेळ लागत नाही त्याला. इतकी वर्षं, इतक्या फेऱ्या, आणि सगळं चहा गार होण्याआधी संपलं.

"याचं काय करू?" अण्णांनी केतकीला विचारलं. "साखळी करतो. नाहीतर लक्ष्मीचा छाप मारून नाणं देतो."

"काही नको," केतकी म्हणाली. "असंच द्या."

अण्णांनी लगड पाण्यात विझवली, पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.

हा आजार सहसा आईकडून मुलीकडे जात नाही, क्वचित जातो, असं त्या तरुण डॉक्टरने आम्हाला सांगितलं होतं. केतकीने त्यावर पुन्हा कधी काही विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिथे त्या दुकानात, धुराच्या वासात, तिने हळूच मूठ मिटली. करंगळी नीट मिटली. अंगठा वरून आला. मी बघत राहिलो, आणि ती माझ्याकडे बघत होती.